दाद पायाने द्यायची असते

इथे कॅनडात जुडीक नावाच्या गावातल्या हॉलमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिनच, ऐकायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी जरा जास्तच मोठ्याने "वाऽ!" म्हणाले होते. सवय हो, दुसरं काय. मिरजेत वाढलेली मी, शाळेच्या रस्त्यावर सतारमेकर गल्ली, तिथे कायम कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत बसलेलं, त्यामुळे सूर मनासारखा लागला की तोंड उघडतंच. समोर एक बाई फिडलवर अगदी संथ काहीतरी वाजवत होती, स्लो एअर म्हणतात त्याला, आणि शेवटचा सूर तिने इतका बारीक करत करत नेला की मला राहवलं नाही. अख्ख्या हॉलमध्ये माझ्या एकटीचा आवाज. पुढच्या टेबलावरच्या दोन आज्यांनी वळून बघितलं, रागाने नाही, थोड्या काळजीने, की हिला काही होतंय का. नवऱ्याने सूपच्या बाऊलमध्ये मान घातली.

गंमत म्हणजे पाचच मिनिटांनी त्याच बाईने दुसरं काहीतरी सुरू केलं, ठेका धरला, आणि मध्येच न थांबता लय एकदम दुप्पट वाटेल अशी बदलली, तर त्या दोघींपैकी एक आजी, ऐंशीची असेल, "ह्यूऽप" असं काहीतरी ओरडली की मी दचकून चहा सांडला. मागून आणखी दोघंतिघं ओरडले. म्हणजे इथे ओरडायला बंदी नाहीये, फक्त कुठे ओरडायचं ते मला माहीत नाही! त्या दिवसापासून मला फिडलपेक्षा फिडल ऐकणाऱ्यांचंच जास्त वेड लागलंय, ही पोस्ट त्यासाठीच आहे, लांबेल, आधीच सांगते.

आधी जागा सांगते. आम्ही राहतो हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला, नोव्हा स्कोशिया प्रांत. तिथून गाडीने तीन-साडेतीन तास गेलं की समुद्रात टाकलेल्या दगडांच्या बांधावरून आपण केप ब्रेटन नावाच्या बेटावर पोचतो. तो बांध, कॅन्सो कॉजवे, १९५५ साली झाला, तोपर्यंत सगळा कारभार फेरीबोटीचा. पलीकडे गेल्यावर डावीकडे वळायचं, रूट १९, समुद्र डाव्या हाताला ठेवून क्रेगनिश, जुडीक, मॅबू, इन्व्हरनेस अशी गावं. गावं म्हणजे काय, एक चर्च, एक हॉल, एक दुकान, आणि लांब लांब घरं. या रस्त्याला केली ट्रेल असं नावच आहे. केली हा गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला शब्द, स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका फसाल, मूळ अर्थ नुसता एकमेकांकडे जाऊन बसणं. आपल्याकडे ओट्यावर बसायला जातात ना, तसं. मग बसल्यावर गोष्टी, गाणी, फिडल, चहा.

हे लोक आले स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून, अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. जमीनदारांना मेंढ्यांसाठी रानं मोकळी हवी होती म्हणून कुळांना उठवलं, काहींनी स्वतःहून गाशा गुंडाळला. एकेका बेटावरचे, एकेका पंथाचे लोक इथे एकाच ठिकाणी येऊन वसले, जंगल तोडून. आणि मग दीडशे वर्षं फारसं कुणी त्यांच्याकडे फिरकलंच नाही, त्यामुळे भाषा गेलिक राहिली, वाजवण्याची ढबही राहिली. तिकडे मूळ स्कॉटलंडमध्ये व्हायोलिन हळूहळू मैफलीच्या वळणावर गेलं, गुळगुळीत झालं, इकडे ते नाचणाऱ्याच्या पायाशीच बांधलेलं राहिलं. आता इथलीच ढब जुनी आणि अस्सल की तिकडची, यावर लोक भांडतात. भांडू देत.

फिडल म्हणजे वेगळं वाद्य नाही हं, आपलं व्हायोलिनच. मला सुरुवातीला वाटलं होतं की सारंगीसारखं काहीतरी वेगळं असेल. फरक वाजवण्यात आहे. आपल्याकडचा व्हायोलिनवाला मांडी घालून बसतो, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवतो, म्हणजे पाय हललेला चालणारच नाही. इथला फिडलर खुर्चीवर बसतो आणि दोन्ही पाय मोकळे, कारण पायांना काम आहे. टाच, चवडा, टाच, चवडा, असा लाकडी फरशीवर अखंड ठेका. वेगळा तबलजी नाही, तबला त्याच्या बुटात आहे. मी एकदा मुद्दाम पहिल्या रांगेत बसून अर्धा तास फक्त एका म्हाताऱ्या फिडलरच्या बुटांकडे बघत होते. उजव्या बुटाची टाच पार झिजलेली. चेहरा मात्र असा कोरा, जणू बसची वाट बघतोय. हे इथलं एक खास आहे, वाजवणारा चेहऱ्यावर काही दाखवत नाही, डोळे मिटणं नाही, मान हलवणं नाही, सगळं गुडघ्याच्या खाली.

आणि शेजारी पियानो. जुन्या काळी स्वयंपाकघरात पायाने भाता मारायचा ऑर्गन असायचा, म्हणजे आपल्या नाटकातली पायपेटी डोळ्यासमोर आणा, आता त्या जागी पियानो आलाय आणि तो नुसता साथीला बसत नाही, डाव्या हाताने खर्ज चालवत उजव्याने मधेमधे अशा जागी ठोके टाकतो की तुमचा खांदा आपोआप उडतो.

वाजवायची पद्धत अशी की एक ट्यून वाजवून थांबत नाहीत, ओळीने गुंफतात. आधी एखादा मार्च, किंवा जरा सावकाश चालणारं स्ट्राथस्पे, मग जोरकस स्ट्राथस्पे, मग भरधाव रील, रील, रील, ही सगळी चालींच्या प्रकारांची नावं. (रील म्हटल्यावर माझ्या भाचीने विचारलं, मावशी अपलोड कुठे करतात? अगं बाई, हे रील दोन-अडीचशे वर्षं जुनं आहे.) आणि गुंफताना बहुतेक वेळा षड्ज बदलत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे पट्टी तीच, सा तोच, पण एका ट्यूनमध्ये गंधार शुद्ध, पुढच्यात कोमल, तिसऱ्यात निषाद उतरलेला. कान त्या एका सा वर रेलून बसलेला असतो आणि वर रंग बदलत राहतात. आपल्याला हे समजायला काहीच अवघड जाऊ नये खरं तर.

स्ट्राथस्पेची चाल जरा हिसक्याची आहे. आखूड-लांब, आखूड-लांब, सूर जणू उंबऱ्याला ठेचकाळून पुढे जातो. त्याला स्कॉच स्नॅप म्हणतात. आणि मधेच एका सुराचे गजाने पटापट तीनचार तुकडे पाडतात, कट्स, ऐकायला तबल्यावरच्या तिरकिटसारखं लागतं. बॅगपाइपमध्ये हवा थांबत नाही त्यामुळे एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये बारीक अलंकार घालावे लागतात, त्याची ही फिडलवरची नक्कल असं म्हणतात. शेजारची तार पण गजाला लागती ठेवतात, तंबोऱ्यासारखी घुमते. कधी कधी खालच्या दोन तारा एकेक स्वर वर चढवून लावतात, म्हणजे मग अख्खं वाद्य गुणगुणत राहतं, कुणी दुसऱ्या खोलीत पण वाजवतंय असं वाटतं. तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, येतोच, प्रत्येक वेळी.

मागच्या वर्षी आई आली होती चार महिने. तिला कौतुकाने गाडीत लावून दिलं. दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "गं, हे सगळं एकसारखंच आहे की." मला राग आला. पण मग आठवलं की माझी इथली एक मैत्रीण, तिला मी एकदा आपला बडा ख्याल ऐकवला होता, बिचारीने वीस मिनिटं सोशिकपणे ऐकून विचारलं होतं, गाणं कधी सुरू होणार? तर फिट्टंफाट. पण आईचं बरं का, ती असं म्हणाली आणि नंतर पाचेक मिनिटांनी डॅशबोर्डवर तिची बोटं चालू. "हा दादरा आहे," म्हणाली. जिग चालू होतं. सहाचा हिशोब, दादराच तो, म्हटलं तर. पुढे रील लागलं, "हा केरवा. पण फार पळतोय, पोरांना दम लागेल." सत्तर वर्षांची बाई, कुठे मिरज कुठे केप ब्रेटन, ठेका मात्र बरोबर पकडला.

आता ऐकणाऱ्यांकडे येते. हे लोक नेमकं काय ऐकतात? मी कलीगला विचारलं, ती मूळची इन्व्हरनेसकडची, तिच्या घरात तिघं वाजवणारे. ती म्हणाली पहिलं टायमिंग, त्यानंतर बाकी सगळं. मग ड्राइव्ह, म्हणजे पुढे रेटणारा जोर, आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणं, हे दोन्ही वेगळं बरं का. जोर आहे पण उचल नाही असा फिडलर लोक सहन करतात, वाखाणत नाहीत. मग ट्यून बरोबर वाजवली का. इथे मनाला येईल तसा विस्तार करणं फार चालत नाही, ट्यून जशी आहे तशी नीट वाजवायची, आणि बरेच जण नोटेशन वाचू शकतात, जुन्या स्कॉटिश पुस्तकांच्या झिजलेल्या प्रती घराघरात आहेत. तुमचं जे काही वेगळेपण ते गजात दाखवा. आणि सगळ्यात वरची दाद म्हणजे "त्याच्या फिडलमध्ये गेलिक आहे." असं म्हणतात ते, अगदी सहज, म्हणजे जणू डाळीत हिंग आहे असं.

हे गेलिक असणं म्हणजे काय याच्यावर मी बराच विचार केला. त्यांच्याकडे एक प्रकार आहे पुर्ट-अ-बेल, तोंडी वाजवणं. वाद्य नसेल तेव्हा नाचासाठी नुसत्या तोंडाने ट्यून म्हणायची, त्यात भराभर गेलिक शब्द, अर्थ पुष्कळदा खुळचट, कुणाची तरी कोंबडी, कुणाचे तरी बूट, पण शब्दांचे ठोके अगदी घट्ट. आपली पढंत! जुने लोक फिडल ऐकताना मनात ते शब्द म्हणत असायचे, त्यामुळे फिडलरने एक आघात चुकवला तरी त्यांना शब्द मोडल्यासारखा वाटायचा. मला लगेच प्रभाकर जोग आठवले, गाणारं व्हायोलिन म्हणायचे ना त्यांच्या वाजवण्याला, ऐकताना शब्द ऐकू येतात असं आमचे आजोबा सांगायचे. आता केप ब्रेटनमध्ये गेलिक बोलणारे फार थोडे उरलेत, पण तो आघात तरुण पोरांच्या गजात शिल्लक आहे, ज्यांना स्वतःला एक वाक्य धड बोलता येत नाही. भाषा गेली आणि तिचे उच्चार मागे राहिले. जरा चमत्कारिक आहे हे, आणि मला जरा भीतीदायकही वाटतं, माझा मुलगा घरी मराठीत जे बोलतो ते ऐकता.

बरं, हे झालं खुर्चीत बसून ऐकणं. पण खरं ऐकणं नाचात आहे हे वेस्ट मॅबूच्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं. तिथे शनिवारी रात्री स्क्वेअर डान्स असतो, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे, दारू नाही. साधा हॉल, लाकडी फरशी, कडेने बाकं, वर स्टेजवर एक फिडल आणि एक पियानो, बस. एका सेटमध्ये तीन भाग, पहिले दोन जिगवर आणि तिसरा रीलवर. हल्ली तिथे कुणी सूचना ओरडत नाही, सगळ्यांना पाठ. मला पाठ नाही! कलीगच्या काकांनी हात धरून ओढलं, मी नको नको म्हणेपर्यंत रिंगणात. पहिला जिग निभावला, गोल फिरायचं होतं, ते काय भोंडल्यात केलंय. तिसऱ्या भागात एकाला उजवा हात पुढच्याला डावा अशी साखळी होती, त्यात मी उलट्या दिशेने निघाले आणि समोरून येणाऱ्या सहाफुटी माणसाच्या छातीवर आपटले. तो "सॉरी डिअर" म्हणाला, मला अलगद फिरवून योग्य दिशेला तोंड करून सोडलं, आणि त्याचा एकही ठोका चुकला नाही. एकही! म्हणजे हा माणूस मला सांभाळताना पण ऐकत होता.

मग तीनचार सेट झाल्यावर फिडलरने एकदम स्ट्राथस्पे धरलं आणि मधली जागा रिकामी झाली. कुणी अनाउन्स केलं नाही. एक बाई पुढे गेली, स्टेजकडे तोंड करून, हात बाजूला सैल सोडलेले, वरचं अंग स्थिर, आणि पाय. हे स्टेप डान्सिंग. पाय जमिनीपासून फार वर जात नाहीत, बोटभर, उड्याबिड्या नाहीत, सगळं अगदी जवळ, नेटकं, आणि फिडलरच्या गजाचा तुकडा न तुकडा त्या बुटात ऐकू येतो. नाचणारी लोकांकडे बघत नाही, लोक तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, दोनशे डोळे फरशीवर. स्ट्राथस्पेचं रील झालं त्या क्षणी ती आरोळी आली, "सूअस ए!" म्हणजे होऊ दे वर, चढव! तिची झाल्यावर पुढचा, मग एक दहाबारा वर्षांचा पोरगा, मग पंचाहत्तरीचे एक आजोबा, त्यांनी चारच स्टेप्स केल्या आणि सगळ्यात जास्त टाळ्या घेतल्या. मला तेव्हा लख्ख कळलं की त्या आज्या मला जुडीकला का तशा बघत होत्या. सुराला दाद द्यायची पद्धत इथे नाहीये. सूर ऐकून घ्यायचा, गप्प बसायचं. लय बदलली, चढली, की मग सोडायचं. आणि त्याच्याही आधी पाय. पाय हलत नसेल तर तुम्ही ऐकत नाही आहात, इतकं सरळ.

बाहेर चहाच्या टेबलावर एका आजींनी मला विचारलं, "हूज युअर फादर?" मी हसूच लागले. कारण हा प्रश्न मला मिरजेत आयुष्यभर विचारला गेलाय, कुणाची गं तू? इथे निम्मं गाव मॅकडोनाल्ड, उरलेलं मॅकमास्टर नाहीतर रँकिन, त्यामुळे माणूस ओळखायचा तर बापाचं, आजोबांचं नाव लावून किंवा टोपणनावाने. ट्यूनचंही तेच. ट्यून ऐकली की विचारणार कुणाकडून उचलली. अमक्याने तमक्याकडून, तमक्याने रेडिओवरून. ॲंटिगोनिशचं रेडिओ स्टेशन, सीजेएफएक्स, १९४३ पासून या भागात फिडल ऐकवत आलंय, आणि जुनी माणसं नाव सांगायच्या आधी दोन ओळींत वाजवणारा ओळखायची म्हणे. आपल्याकडे आकाशवाणी ऐकणाऱ्या पिढीचं असंच होतं की.

बडी मॅकमास्टर यांचं नाव इथे आलंच पाहिजे. जुडीकचे. खरं नाव ह्यू ॲलन, पण बडीच म्हणायचे सगळे. जन्म १९२४, गेले २०१४ ला. हा माणूस पोटासाठी आयुष्यभर रेल्वेत नोकरी करत होता, स्टेशनवर तार घेणं-पाठवणं, आणि संध्याकाळी नाचाला वाजवायला जायचा. स्वतःचा पहिला अल्बम १९८९ साली, म्हणजे रिटायर झाल्यावर, पासष्टीच्या उंबऱ्यावर. पुढे ऑर्डर ऑफ कॅनडा वगैरे मिळालं. त्यांचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं तर चमत्कार असा काही नाही, वेग नाही, फक्त बसून राहता येत नाही. नॅटली मॅकमास्टर त्यांची पुतणी, ती वाजवता वाजवता स्टेप डान्स करते, जगभर फिरते.

आता सगळ्यात भारी गोष्ट. १९७१-७२ च्या सुमाराला कॅनडाच्या सरकारी टीव्हीवर, सीबीसीवर, एक डॉक्युमेंटरी लागली, तिचं नावच असं की केप ब्रेटनचा फिडलर नाहीसा होत चाललाय. तरुण पोरं शिकत नाहीत, म्हातारे संपत आलेत, झालं, विषय मिटला. आणि हे बघून बेटावरच्या लोकांना प्रचंड राग आला. नाहीसा? आम्ही? फिडलर्स असोसिएशन उभी राहिली आणि १९७३ च्या जुलैमध्ये ग्लेनडेल नावाच्या खेड्यात मोठा फिडल महोत्सव भरवला, शंभराहून जास्त फिडलर एकत्र स्टेजवर. हा घ्या नाहीसा झालेला फिडलर. पण नुसती फुशारकी मारून थांबले नाहीत, डॉक्युमेंटरीत तथ्य होतं हे त्यांना मनातून माहीत असणार, कारण त्यानंतर मुलांचे क्लास सुरू झाले. स्टॅन चॅपमन नावाच्या मास्तरांकडे शिकलेल्या पोरांमध्ये नॅटली मॅकमास्टर पण होती आणि ॲशली मॅकआयझॅक पण. म्हणजे एका टीव्ही कार्यक्रमाने खिजवलं आणि त्यातून पुढची पिढी तयार झाली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की आधी चिडले ते ऐकणारे. ज्यांना स्वतःला एक ट्यून वाजवता येत नाही ते सुद्धा चिडले.

ग्लेनडेलच्या त्या सगळ्यात पुढाकार तिथल्या पाद्रींचा, फादर जॉन अँगस रँकिन. याच्यात एक खोच आहे. त्याच्या साधारण शंभर वर्षं आधी मॅबूच्या एका पाद्रींनी फिडल हे दारू आणि दंगा वाढवणारं सैतानाचं वाद्य म्हणून गावातली फिडलं गोळा करायला लावली होती अशी गोष्ट तिथे अजून सांगतात. काही म्हणतात जाळली. काही हसून म्हणतात की लोकांनी मोडकी फिडलं नेऊन दिली आणि चांगली लपवली. मला दुसरं व्हर्जन जास्त खरं वाटतं, माणसं सगळीकडे सारखीच.

असंच चिडण्याचं दुसरं उदाहरण फक्त केप ब्रेटनचं नाही, अख्ख्या कॅनडाचं आहे. डॉन मेसर, शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला फिडलर, त्याचा टीव्ही शो १९५९ पासून देशभर दिसायचा, आइस हॉकीच्या बरोबरीने बघायचे लोक. त्याची ढब वेगळी, सरळसोट, स्वच्छ, कुठे हिसका नाही. १९६९ मध्ये सीबीसीने शो बंद केला, काहीतरी तरुणांसाठी हवं म्हणून, तर देशभरातून पत्रं, फोन, ओटावाला संसदेसमोर निदर्शनं, संसदेत प्रश्न. फिडलच्या शोसाठी! शो परत काही सीबीसीवर आला नाही, दुसऱ्या स्टेशनवरून चालू राहिला. माझ्या केप ब्रेटनच्या कलीगला मेसरचं वाजवणं अळणी वाटतं, आणि तिच्या न्यू ब्रन्सविकच्या सासूबाईंना केप ब्रेटनचं वाजवणं म्हणजे गोंगाट. ख्रिसमसला त्या दोघींच्या मध्ये बसायचं नाही असा त्यांच्या घरात नियम आहे.

ॲशली मॅकआयझॅकबद्दल पण घराघरात दोन मतं. क्रेगनिशचा पोरगा, डावखुरा, अंगात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, पायात जड बूट, १९९५ च्या अल्बममध्ये गेलिक गाणं, रॉकचे ड्रम्स आणि फिडल एकत्र करून त्याने कॅनडाच्या पॉप चार्टवर नेलं. काही लोकांनी नाकं मुरडली असणारच. पण मी एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, त्याने बाकी काय केलं ते जाऊ दे, त्याचं टायमिंग बघ. संपलं. टायमिंग बरोबर असेल तर बाकीचं माफ.

आणि हे सगळं फक्त स्कॉटिश लोकांपुरतं आहे असंही नाही. शेटिकँपचे फ्रेंच बोलणारे अकेडियन त्याच ढंगात वाजवतात, आणि एस्कसोनीचे ली क्रेमो, मिगमाह आदिवासी समाजातले, १९९९ ला गेले, त्यांचं नाव भलेभले फिडलर मानाने घेतात. ऐकणाऱ्याला पाय असले की झालं.

ऑक्टोबरमध्ये इथे सेल्टिक कलर्स नावाचा महोत्सव असतो, १९९७ पासून, नऊ दिवस, बेटभर, झाडं लालकेशरी झालेली असतात. गेल्या ऑक्टोबरला आम्ही गेलो होतो आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर कलीगच्या माहेरी स्वयंपाकघरात बसलो. पंधरा माणसं, एक फिडल, पियानो शेजारच्या खोलीत त्यामुळे वाजवणारी भिंतीपलीकडून वाजवतेय, कुणी ओट्यावर बसलंय, कुणी भांडी घासतंय आणि घासता घासता ठेका देतंय. पाहुण्याने काहीतरी म्हणायचं अशी पद्धत. माझ्यावर आलं. नवरात्र चालू होतं म्हणून असेल, मला भोंडल्याचं एक गाणं आठवलं, आजी म्हणायची ते, ते म्हटलं. दोन कडवी होईपर्यंत फिडलवाल्या काकांनी गज उचलून बारीक आवाजात माझा सा शोधला, तिसऱ्याला ते बरोबर होते, चौथ्याला भिंतीपलीकडून पियानो. पाचव्याला टाच चालू झाली आणि मग माझ्या हातात काही राहिलं नाही. काकांनी लय चढवली, मी शब्द धापा टाकत फेकतेय, मागून कुणीतरी "सूअस ए!"

संपल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कुणाकडून शिकलीस? म्हटलं आजीकडून. मान हलवली. आणि याच्यावर नाचतात कसं? मी सांगितलं, पाटावर हत्ती काढायचा, मध्ये ठेवायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. "हत्ती," काका म्हणाले, चेहरा कोराच. मग त्यांनी ते परत वाजवलं, आणखी जोरात, आणि त्या स्पीडने आपण फेर धरला असता तर हत्ती पाटावरून उडून मॅबूच्या बंदरात पडला असता.

मग चहा झाला. खिरापत ओळखा म्हणून मी नवऱ्याला विचारलं तर म्हणाला ओळखायचंय काय त्यात, ओटकेक. आणि ओटकेकच होता.